पुसलेल्या गाण्याचा शेवट

माझं सगळ्यात आवडतं इंग्रजी गाणं मी पन्नाशीला टेकेपर्यंत पूर्ण ऐकलेलं नव्हतं. दोन कडवी, ध्रुवपद, मग गिटारी वर वर चढत जातात, आता काहीतरी होणार असं वाटतं, आणि खट्ट. पुढं भट्टीच्या पंख्याची घरघर, आणि त्या घरघरीत माझे काका: "हॅलो. हॅलो. मी बोलतोय. ऐकू येतंय का?"

हे काय प्रकरण आहे ते आधी सांगते.

आमचं गाव विट्याजवळ. आमच्याकडची निम्मी माणसं गलाईवाली, म्हणजे जुनं सोनं वितळवून, तेजाबात गाळून शुद्ध करून देणारी. देशातल्या कुठल्याही शहरात सराफांच्या पेठेमागच्या गल्लीत शिरा, आमच्या बाजूचा एखादा तरी भट्टीपुढं घाम पुसत बसलेला सापडतो. काकांचं दुकान कोचीला होतं. काका तिकडं, काकी इकडं. वर्षातून एकदा जत्रेला यायचे, पंधरा-वीस दिवस राहायचे, की परत. असा त्यांचा तीस वर्षांचा संसार. मूलबाळ नव्हतं. आमच्या घराला लागूनच त्यांच्या दोन खोल्या होत्या, त्यामुळं मी अर्धीअधिक काकीकडंच वाढले.

काकीला वाचता येत नव्हतं. काकांचं पत्र आलं की मी वाचून दाखवायची. पण बायकोचं पत्र पुतणी वाचणार हे माहीत असलेला माणूस पत्रात काय लिहिणार? इकडील सर्व क्षेम, म्हशीची काळजी घेणे, संपलं. म्हणून त्या काळात आमच्याकडचे बरेच गलाईवाले कॅसेट पाठवायचे. भट्टी थंड असली की टेपरेकॉर्डरपुढं बसून बोलायचं आणि गावाकडं निघालेल्या कुणाच्या तरी पिशवीत, केळ्याच्या वेफर्सबरोबर, ती कॅसेट द्यायची. बायको दार लावून ऐकायची. गल्लीत कुणाचं दार दुपारी बंद दिसलं की बाकीच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या.

आता गाण्याचं. काकांच्या दुकानासमोर एक कॅसेटवाला होता. त्याला विलायतेतल्या एका बँडचं वेड लागलेलं. दिवसभर तेच लावायचा. चौघांचा बँड, गिटारी झणझणीत, पण चाल अशी की एकदा कानात शिरली की दिवसभर निघत नाही, आणि ध्रुवपदाला चौघं मिळून गळा काढायचे. कुठलंही गाणं तीन-साडेतीन मिनिटांत आटोपलेलं. अशा संगीताला पॉवर पॉप म्हणतात हे मला फार उशिरा, सांगलीला कॉलेजात आल्यावर कळलं. काकांना तेही कधी कळलं नाही. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, पण ती कॅसेट त्यांनी विकत घेतली आणि एका जत्रेला नव्या टेपरेकॉर्डरसकट घेऊन आले. वडील म्हणाले, "ह्ये कसलं किचाळणं आणलंस?" काका म्हणाले, "दादा, दोनदा ऐक, तिसऱ्यांदा तूच मागशील." वडिलांनी कधी मागितलं नाही. मी मात्र मागितलं, आणि अजून मागते आहे.

वडील टेप मध्येच बंद करायला लावायचे, त्यामुळं दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं तेवढं आमचं ऐकायचं राहिलं. जत्रा झाली, नवा टेपरेकॉर्डर काकीकडं ठेवून काका कॅसेट घेऊन परत गेले. जीव होता त्यांचा त्या कॅसेटवर. मग एका दुपारी तिथला आमच्या गावचा एकजण अचानक गाडीला निघाला आणि काकांकडं कोरी कॅसेट नव्हती. काकीचा गुडघा तेव्हा सुजला होता, आणि दोन महिने काकांचं काही पोचलं नव्हतं. विकतच्या कॅसेटवर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून वर दोन भोकं असायची; त्यांनी त्या लाडक्या कॅसेटच्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावरच बोलले.

पण बोलले कॅसेटच्या कुठल्या भागावर? गलाईवाल्याचा जीव सगळा घटीत, म्हणजे सोन्याच्या वजनातल्या तुटीत, अडकलेला असतो. माल गाळताना घट किती आली, कमीत कमी कशी येईल, हेच डोक्यात. ह्या लोकांच्या दुकानातला केरसुद्धा टाकत नाहीत, साठवून, जाळून, धुऊन त्यातलं सोनं काढतात. पायपुसण्यासुद्धा जाळतात. काकांनी कॅसेटचंही तसंच केलं. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं निवडलं, आणि त्यातलाही फक्त शेवट घेतला. बाकीची सगळी गाणी शाबूत. घट म्हणाल तर जेमतेम दीड-दोन मिनिटांची.

त्या दोन मिनिटांत काका असे बोलले: "हॅलो. हॅलो. मी बोलतोय. ऐकू येतंय का? गुडघा कसा हाय? तेल लाव आणि दाबून घे कुणाकडनं तरी. म्हशीला पेंड घालत जा, हात आखडू नगं. हितं लय उकडतंय. हितं आमटीत खोबरं घालत्यात. तुझ्या हातची..." मग खोकला. "जाऊ दे. जत्रंला येतो. ठेवतो मग." फोनवर बोलल्यासारखं, ठेवतो मग. आणि खट्ट.

ह्या बोलण्यात कुणाला काय दिसेल माहीत नाही. काकी मात्र "जाऊ दे"पाशी दरवेळी पदरानं तोंड झाकून हसायची.

मला ते सगळं एकच गाणं वाटायचं. ध्रुवपद, गिटारी, गुडघा, म्हैस, खोकला. होस्टेलवर एका मैत्रिणीनं विचारलं, हे गाणं कशाबद्दल आहे, तर मी पटकन म्हणून गेले, गुडघ्याबद्दल.

काकांनी मात्र त्या पुसलेल्या शेवटाचं भांडवल जन्मभर केलं. साठीच्या आधी दुकान दुसऱ्याला देऊन ते गावी परतले, आणि मग तर सोयच झाली. भाजी अळणी झाली तरी तेच, चहाला उशीर झाला तरी तेच. "त्या गाण्याचा शेवट कसा व्हता म्हाईत हाय का? लय भारी. अख्ख्या कॅसेटीत तेवढंच खरं सोनं. तुझ्यापायी घालवलं." काकी विचारायची, "मग सांगा की कसा व्हता." काका मान हलवायचे. "सांगून कळत न्हाई त्ये."

पुढं मोबाईलवर सगळी गाणी मिळायला लागली तेव्हा मी एका रविवारी ते गाणं शोधून त्या दोघांपुढं लावलं. गिटारी चढायला लागल्या आणि बरोबर त्या जागी काकीनं फोनवर तळहात ठेवला. "बंद कर. फुडं ह्ये बोलत्यात."

"ऐकू दे की तिला," काका म्हणाले. "कळंल तरी काय घालवलं त्ये."

"नगं," काकी म्हणाली. मीही पुढं ऐकलं नाही. घरी एकटी असतानासुद्धा तिथं आलं की बंद करायची. कुणी विचारलं असतं तर मला कारण सांगता आलं नसतं, पण काकांच्या बोलण्यात मध्येच तोंड घातल्यासारखं वाटायचं.

तेजाबाच्या धुरानं काकांची छाती आधीच गेलेली होती. चार वर्षांपूर्वी ते गेले. सांगलीच्या विश्रामबागेत मी एका कॉलेजचं ग्रंथालय सांभाळते, तिथंच जवळ राहते. काकीला माझ्याकडं आणलं. ती येताना एक ट्रंक, एक परात, तिचा टेपरेकॉर्डर आणि ती कॅसेट घेऊन आली. रोज नाही, पण आठ-पंधरा दिवसांनी दुपारी तिच्या खोलीचं दार लागायचं.

आणि मग मी शहाणपणा केला. म्हटलं, ही फीत किती दिवस टिकणार, आवाज मोबाईलमध्ये भरून घेऊ. कुणाला तरी दाखवून करायला हवं होतं. पण मला सगळंच येतं ना. काकीचा न मागता माळ्यावरचा माझा जुना टेपरेकॉर्डर काढला, पुसलासुद्धा नाही, कॅसेट घातली आणि बटण दाबलं. आतून कचकच आवाज आला. झाकण उघडलं तर फितीचा गुंता झालेला, आणि सोडवायला गेले तर नेमका शेवटाकडचा भाग ताणला, चुरगळला, तुटला. दुरुस्तीवाल्यानं पाहिलं आणि तसंच परत दिलं.

काकीपुढं तो गुंता ठेवून काय केलं ते सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं तो सगळा गुंता हातात घेतला, तुटके तुकडेही वेचले आणि एका बरणीत भरून झाकण लावलं. टाकलं काहीच नाही. म्हणाली, "तू काय मुद्दाम केलंस व्हय?" पण त्यानंतर तिच्या खोलीचं दार दुपारी कधी लागलं नाही. वर्षभर ते उघडंच राहिलं.

त्या वर्षाच्या शेवटी मला बातमी दिसली. तो बँड अजून जिवंत होता! चौघांपैकी तिघं मूळचे, सगळे सत्तरी ओलांडलेले, आणि निरोपाच्या दौऱ्यावर निघालेले. भारतात जे थोडे कार्यक्रम होते त्यातला एक कोचीला. मी स्वयंपाकघरात वाचून ओरडलेच. काकी लसूण सोलत होती. मी म्हटलं, मी जाणार, काय वाट्टेल ते होवो.

"मीबी येते," काकी म्हणाली.

"अगं, तिथं सगळे उभे असतात. उड्या मारतात. कान फाटतील तुझे."

"मारू देत उड्या. मला त्यो शेवट ऐकायचाय." लसूण सोलणं थांबलं नव्हतं. "त्यांनी माझ्यापायी काय घालवलं त्ये एकदा बघायचंय. आता त्यांचा आवाजच न्हाई म्हटल्यावर तिथं हात ठिवून तरी काय करू?"

शेवटचं वाक्य तिनं मला टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. पण मला लागायचं ते लागलं. मी म्हटलं, मग आत्ता लावते की मोबाईलवर. तर म्हणे, "मोबाईलवर नगं. त्यांनी ऐकलं त्या गावात. तीस वरसं माणूस तिथं ऱ्हायला, मी एकदा गेली न्हाई."

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. ते गाणं काही त्यांचं गाजलेलं नव्हतं. चाहते लोक प्रत्येक कार्यक्रमात कोणकोणती गाणी झाली त्याची यादी टाकतात, ती मी रोज चोरून बघायची. कुठं ते गाणं होतं, कुठं नव्हतं. कोचीला ते वाजलंच नाही तर सत्तर वर्षांच्या बाईला एवढ्या लांब नेऊन मी दुसऱ्यांदा रिकामी परत आणणार होते.

मिरजेहून रेल्वेनं गेलो. काकीनं दशम्या, शेंगाची चटणी आणि समोरच्या बाकावरच्या सगळ्यांची चौकशी अशी रीतसर तयारी ठेवली होती. गोव्याच्या पुढं भाषा कळेनाशी झाली तरी चौकशी थांबली नाही. कोचीत उतरल्यावर घामानं भिजली, आणि पहिलं वाक्य बोलली, "ह्ये खोटं बोलत नव्हतं, लय उकडतंय."

दुपारी काकांचं जुनं दुकान शोधलं. आता ते आमच्याच भागातल्या, खानापूरकडच्या एकाचं आहे. मराठी ऐकल्याबरोबर त्यानं भट्टीपुढचं स्टूल काकीला दिलं आणि चहा मागवला. समोर जिथं कॅसेटवाला होता तिथं मोबाईलची कव्हरं टांगलेली. काकीनं विचारलं, "ह्ये कुठं बसायचं?" त्यानं भिंतीजवळची जागा दाखवली. तिनं ती भिंत, ते पंख्याचं धुराडं, सगळं बघून घेतलं. मी वाट बघत होते की ती रडेल. ती म्हणाली, "जागा लय बारकी हाय. ह्ये सांगायचं, मोठं दुकान हाय." आणि निघताना दारातल्या पायपुसणीवर दोन्ही पाय नीट घासून पुसले. बाकी जग घरात शिरताना पाय पुसतं. गलाईच्या दुकानात बाहेर पडताना पुसायचे असतात, तळव्याला लागलेला कण दुकानातच राहावा म्हणून. कधी न पाहिलेल्या दुकानाची ही रीत काकी तीस वर्षं गावात पाळत आली होती. काका आले की त्यांचे कपडे परातीत झटकल्याशिवाय तिनं कधी भिजवले नाहीत.

कार्यक्रम समुद्रकाठच्या मैदानावर होता, उन्हं उतरायच्या वेळेला. काळे टी-शर्ट घातलेल्या गर्दीत नऊवारी नेसलेली एकच बाई. लोकांनी आपोआप वाट दिली. व्यवस्थेतल्या एका मुलीनं कुठून तरी प्लास्टिकची खुर्ची आणून कडेला, स्टेज दिसेल अशी ठेवली. पिकल्या केसांची शेंडी बांधलेला एकजण इंग्रजीत विचारून गेला, आजी चाहत्या आहेत का? मी म्हटलं, जुन्या.

आणि ते आले. पोस्टरवरची चार पोरं नाहीत, चार आजोबा. गाणारा वाळलेला, गिटार पोटावर टेकवलेली. ड्रमवाला दोन गाण्यांमध्ये टॉवेलनं मान पुसत होता. पण पहिला झणकारा झाला आणि माझ्या अंगावर काटा आला. उंच सूर आता त्याला लागत नव्हता, तिथं बाकीचे तिघं मिळून त्याला हात देत होते. मी रडत होते आणि उड्याही मारत होते. ह्या माणसांना माझं गाव माहीत नाही, विटा कुठं आहे माहीत नाही, पण माझ्या शाळेतल्या सगळ्या रटाळ दुपारी त्यांनी सोसण्याजोग्या केल्या होत्या. सत्तरीत एवढ्या लांब येऊन तीच गाणी तेवढाच जीव तोडून म्हणत होते. मनात आलं, स्टेजवर जाऊन एकेकाच्या पाया पडावं.

मध्येच काकीकडं बघितलं. ती मांडीवर हात ठेवून, कीर्तनाला बसल्यासारखी सरळ बसली होती. दर गाण्याला विचारायची, "ह्ये?" मी मान हलवायची, नाही. दहा गाणी झाली. बारा झाली. सूर्य पाण्यात गेला. गाणारा "थँक यू, गुड नाईट" म्हणाला आणि चौघं आत गेले. काकी म्हणाली, "संपलं व्हय?"

लोक जागचे हलत नव्हते, टाळ्या वाजवत होते. मीही हात दुखेपर्यंत वाजवल्या. मग ते परत आले, गाणाऱ्यानं गिटार जुळवली आणि पहिल्या दोन सुरांतच मी ओळखलं. जीव भांड्यात पडला. वाकून काकीच्या कानात ओरडले, "हेच!" ती खुर्चीवरून उठून उभी राहिली.

पहिलं कडवं. ध्रुवपद. दुसरं कडवं. गिटारी चढायला लागल्या. मी काकीचा हात धरला. ती जागा आली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पुढचा सूर ऐकणार एवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

"हॅलो. हॅलो. मी बोलतोय. ऐकू येतंय का?"

काकी स्टेजकडं बघत बोलत होती. मोठ्यानं, काकांच्या थाटात, काकांच्या ठेक्यात. गुडघा कसा हाय. तेल लाव. म्हशीला पेंड घालत जा, हात आखडू नगं. समोर गिटारी कडाडत होत्या, शेंडीवाला हात वर करून गात होता, आणि काकी सांगत होती की हितं आमटीत खोबरं घालत्यात. "तुझ्या हातची..." म्हणाली, आणि बरोबर तिथं खोकली. खोकला खरा नव्हता, काकांचा होता. मग "जाऊ दे."

माझ्या हातून कायमचं गेलं असं मी वर्षभर धरून बसले होते ते तिच्याकडं अख्खं होतं, खोकल्यासकट. मला हुंदका आवरेना. तिनं माझ्याकडं न बघताच माझ्या पाठीवरून हात फिरवला, "ठेवतो मग" म्हणाली आणि गप्प झाली. बँडचं गाणं अजून चालू होतं. उरलेलं आम्ही दोघींनी नीट कान देऊन ऐकलं. मग ते संपलं, लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं, चौघांनी खांद्यावर हात टाकून वाकून नमस्कार केला. आम्हीही हात जोडले.

गर्दी पांगल्यावर आम्ही निघालो. गेटापाशी काथ्याची मोठी पायपुसणी टाकलेली होती. तिथं ती थांबली.

"शेवटाला त्ये काय म्हणत व्हते गं? मला एकच ऐकू आलं, सारखं सारखं."

"एकच होतं काकी. ध्रुवपदाचीच ओळ. तीच ती चारदा म्हटली आणि संपवलं."

"दुसरं काईच न्हाई?"

"काहीच नाही."

तिनं त्या रिकाम्या होत चाललेल्या स्टेजकडं वळून बघितलं. मग तिच्या तोंडावर हसू फुटलं, पदर तोंडाशी गेला. जत्रेच्या दिवसांत काका अंगणात खाटेवर बसलेले असताना हसायची, तशी हसली.

"आवं, किती लबाड माणूस तुमी," ती समुद्राकडं तोंड करून म्हणाली. "तीस वरसं मला बोल लावला. ह्यात काय बी न्हवतं की. तुमी बोललासा त्येच सोनं व्हतं."

आणि दोन्ही पाय पायपुसणीवर नीट घासून ती बाहेर पडली.